श्रद्धा आणि उपचार यांच्या उंबरठ्यावर

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरालगतच्या क्लाइनह्युनिंगेन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरात एक मुलगा धर्मशिक्षणाचे धडे घेत होता. शिकविणारे त्याचे वडीलच होते. प्रश्नोत्तरांच्या रूपातले ते पुस्तक मुलाला कमालीचे कंटाळवाणे वाटे. मात्र पाने चाळताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्यावरील प्रकरणाने त्याचे लक्ष वेधून घेतले. तीन असूनही ईश्वर एकच कसा, या कोड्याचा उलगडा होण्याची तो आतुरतेने वाट पाहू लागला. प्रत्यक्षात तो धडा आला तेव्हा वडिलांनी तो वगळण्याचे ठरविले. त्यातले आपल्यालाच काही उमगत नाही, अशी कबुली त्यांनी दिली. वडिलांच्या प्रामाणिकपणाचे मुलाला कौतुक वाटले. पण ज्या श्रद्धेवर हे घर उभे आहे ती आतून पोकळ झाली असावी, ही शंका त्याच्या मनात घर करून राहिली.

हा मुलगा म्हणजे पुढे विसाव्या शतकातील एक थोर मनोवैद्य म्हणून जगन्मान्य झालेले कार्ल गुस्ताव युंग. मनाच्या आजारावर उपचार करताना माणसाच्या आध्यात्मिक भुकेची दखल घेतलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. या आग्रहापायी त्यांना आपल्या गुरुतुल्य सहकाऱ्यापासून दूर व्हावे लागले, शास्त्रज्ञांनी त्यांना गूढवादी ठरविले, तर धर्मवेत्त्यांनी त्यांच्यावर देवाला मनाच्या कोंदणात बसविल्याचा ठपका ठेवला. युंग यांचे आयुष्य पाहू गेल्यास या साऱ्या वादाचे मूळ त्या वगळलेल्या धड्यापाशी पोहोचते.

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी असलेल्या केसव्हिल या गावी झाला. वडील पाउल युंग हे रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशक होते. तरुणपणी त्यांनी प्राच्य भाषांचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली होती. पण संसाराला लागल्यावर ती विद्वत्ता खेड्यातल्या प्रवचनांत विरून गेली. आई एमिली प्राइसव्हेर्क यांच्या माहेरीही धर्मोपदेशकांची परंपरा होती. दोन्हीकडचे मिळून आठ मामा-काका याच व्यवसायात होते. याशिवाय आईच्या माहेरी मृतात्म्यांशी बोलणे, भविष्यसूचक स्वप्ने पडणे यांसारख्या गोष्टी नित्याच्या मानल्या जात. दिवसा चर्चमधील शिस्तबद्ध प्रार्थना आणि रात्री घरात कुजबुजली जाणारी गूढे अशा दुहेरी वातावरणात हा एकलकोंडा मुलगा वाढला.

वयाच्या बाराव्या वर्षी बाझलच्या भव्य कॅथीड्रलसमोरून जाताना त्याच्या मनात एक विचार डोकावू लागला. तो इतका पापमय वाटला, की पूर्ण होण्याआधीच तो दडपण्यासाठी मुलाने काही रात्री तळमळत काढल्या. अखेर त्याने धीर करून त्या विचाराला वाट मोकळी करून दिली, तेव्हा आकाशातील सिंहासनावर बसलेल्या ईश्वराने स्वतःचेच मंदिर विष्ठेने भंगवून टाकल्याचे दृश्य त्याला दिसले. आश्चर्य असे, की त्यानंतर त्याला भीतीऐवजी अपार सुटका आणि कृपेचा अनुभव आला. याउलट ज्या दिवशी चर्चमध्ये त्याला विधिपूर्वक पहिला प्रसाद मिळाला, त्या दिवशी मात्र काहीच घडले नाही. भाकरी बेचव, मदिरा आंबट आणि मन कोरडे राहिले. ईश्वराचा अनुभव ही एक गोष्ट आणि धर्माचा आचार ही दुसरी, हा भेद त्याच्या मनात तेव्हापासून पक्का झाला.

वडिलांची अवस्था दिवसेंदिवस खालावत होती. श्रद्धा उरली नव्हती आणि श्रद्धा हाच पोटापाण्याचा व्यवसाय होता. विचार करू नये, केवळ विश्वास ठेवावा, हे मुलाला सांगताना ते स्वतःलाच बजावत असावेत. बाझलच्या मनोरुग्णालयातील रुग्णांसाठी धर्मोपदेशक म्हणूनही ते काम पाहत. युंग यांच्या आठवणीनुसार अखेरच्या काळात त्यांनी सूचनोपचारावरचे बेर्नहाइम यांचे पुस्तक वाचावयास घेतले होते आणि त्याचा जर्मन अनुवाद सिग्मंड फ्रॉइड यांनी केलेला होता. एक धर्मोपदेशक आपल्या प्रश्नाचे उत्तर बायबलऐवजी मनोवैद्यकात शोधू पाहत होता. ते त्यांना मिळाले नाही. जानेवारी १८९६मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मुलगा वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच वर्षात होता.

शिक्षणाच्या अखेरीस क्राफ्ट-एबिंग यांचे मनोविकारशास्त्रावरचे पाठ्यपुस्तक हाती आले आणि युंग यांची दिशा निश्चित झाली. निसर्गविज्ञान आणि आत्म्याचे प्रश्न, या त्यांच्या दोन्ही ओढी एकाच शास्त्रात एकत्र येत होत्या. त्या काळी मनोविकारशास्त्राला वैद्यकात फारशी प्रतिष्ठा नव्हती. तरीही डिसेंबर १९००मध्ये ते झुरिचच्या बुर्गहोल्झली रुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली रुजू झाले. १९०२ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषयही बोलका होता. आपल्याच एका मामेबहिणीच्या अंगात येणाऱ्या मृतात्म्यांच्या वाणीचा त्यांनी मानसशास्त्रीय अभ्यास केला होता. वाणी खरी की खोटी यापेक्षा ती त्या मुलीच्या मनात कोणते काम करते, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. पुढे ईश्वराविषयी बोलतानाही त्यांची पद्धत हीच राहिली.

बुर्गहोल्झलीत त्यांनी शब्दसाहचर्य चाचणी विकसित केली. एकेक शब्द उच्चारायचा आणि रुग्णाने सुचेल तो प्रतिशब्द द्यायचा. जिथे उत्तराला वेळ लागतो, तिथे मनात काहीतरी अडलेले आहे असे समजायचे. भावनांच्या अशा गुंत्यासाठी त्यांनी रूढ केलेली ‘कॉम्प्लेक्स’ ही संज्ञा मराठीत ‘गंड’ या रूपाने स्थिरावली आहे. याच रुग्णालयात कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा होती. ती हातांची एक विचित्र, लयबद्ध हालचाल सतत करीत असे. वेडाचे एक लक्षण म्हणून तिची नोंद झाली होती. या हालचाली जुन्या चांभारांच्या शिवणकामासारख्या आहेत, हे युंग यांच्या ध्यानात आले. तिच्या निधनानंतर आलेल्या भावाकडे त्यांनी चौकशी केली, तेव्हा तरुणपणी एका चांभाराने तिला नाकारल्याचे आणि त्यानंतरच तिचे मन बिघडल्याचे कळले. वेडातही अर्थ असतो, तो ऐकून घेणारा कुणी हवा असतो, हा धडा त्यांनी इथे घेतला.

१९०७च्या मार्च महिन्यात व्हिएन्नामध्ये युंग आणि फ्रॉइड यांची पहिली भेट झाली. त्या दिवशी दोघे जवळजवळ तेरा तास बोलत होते. पन्नाशीतल्या फ्रॉइड यांना या तरुणात आपला वारसदार दिसला. वडिलांना गमावलेल्या युंग यांना पुन्हा एक पिता लाभला. १९०९ साली दोघांनी बरोबर अमेरिकेचा प्रवास केला. १९१०मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचे पहिले अध्यक्षपद युंग यांच्याकडे आले. परंतु मतभेदाची ठिणगी आत धुमसत होती. फ्रॉइड यांच्या लेखी धर्म म्हणजे बालपणीच्या असहायतेतून उपजलेला भ्रम होता. लैंगिक प्रेरणेचा आपला सिद्धांत कधीही सोडू नये, अशी गळ त्यांनी एकदा युंग यांना घातली. ती ऐकताना युंग यांना धक्का बसला. कारण विचार न करता विश्वास ठेवण्याचा तोच जुना सूर त्यांना त्यात ऐकू आला. १९१२ साली युंग यांनी आपल्या ग्रंथातून कामप्रेरणेचा व्यापक अर्थ मांडला. १९१३च्या प्रारंभी दोघांचे वैयक्तिक संबंध संपुष्टात आले.

त्यानंतरची काही वर्षे युंग यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षे होत. विद्यापीठातील अध्यापन त्यांनी सोडले, अनेक मित्र दुरावले. ऑक्टोबर १९१३मध्ये प्रवासात असताना त्यांना युरोपावर लोटलेला महापूर आणि त्याचे रक्तात होणारे रूपांतर दिसले. आपण वेडाच्या काठावर उभे आहोत, असे त्यांना वाटू लागले. तेव्हा रुग्णांवर करीत असलेला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. मनात उमटणाऱ्या प्रतिमांना न दडपता त्यांच्याशी संवाद साधला, त्या लिहिल्या, रंगविल्या. फिलेमॉन नावाचा पंखधारी वृद्ध ज्ञानी त्यांना या कल्पनासृष्टीत भेटला. लाल कातडी बांधणीच्या वहीत उतरलेले हे लेखन ‘लाल ग्रंथ’ म्हणून २००९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने प्रसिद्ध झाले. या काळात दिवसा ते रुग्ण तपासत, पत्नी एमा आणि पाच मुलांच्या संसारात वावरत. कुटुंब आणि व्यवसाय यांच्या दाव्यानेच आपल्याला जमिनीवर बांधून ठेवले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

या अग्निदिव्यातून त्यांचे प्रमुख सिद्धांत आकाराला आले. व्यक्तीच्या नेणिवेखाली साऱ्या मानवजातीला समान असलेला एक थर असतो, त्यातील आदिबंध पुराणकथांत, धर्मप्रतीकांत आणि स्वप्नांत प्रकट होतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. माणसाच्या आयुष्याचे त्यांनी दोन भाग कल्पिले. पूर्वार्धात शिक्षण, नोकरी, विवाह, प्रतिष्ठा यांतून जगात पाय रोवायचा असतो. उत्तरार्धात मात्र हे सारे मिळूनही जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न उभा राहतो. त्याला सामोरे जात मनाच्या सर्व अंगांचा मेळ घालण्याच्या प्रक्रियेला त्यांनी मनोविकासाचे सर्वोच्च ध्येय मानले. पूर्वार्धातल्या रुग्णाला लागू पडणारा उपचार उत्तरार्धातल्या रुग्णाला लागू पडत नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही अनेक उपचारकांना मार्गदर्शक वाटते.

हा विचार प्रत्यक्ष उपचारात कसा उतरत असे, याची एक हकिगत त्यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. तीव्र चिंताविकाराने ग्रासलेली एक तरुण ज्यू स्त्री त्यांच्याकडे आली. ती सुशिक्षित, आधुनिक आणि सधन घरातली होती. बराच वेळ बोलूनही आजाराचे मूळ हाती लागेना. मग युंग यांनी तिच्या आजोबांविषयी विचारले. ते हसीदी पंथातील एक पूज्य संतपुरुष होते. तिच्या वडिलांनी मात्र तो वारसा टाकून दिला होता. आजोबांकडे असलेली ईश्वराची ओढ आणि भय तिच्याही ठायी आहे, पण तिच्या जगण्यात त्याला कुठेच जागा नाही आणि तेच भय आजाराच्या रूपाने उफाळून आले आहे, असे निदान युंग यांनी केले. आठवडाभरात ती बरी झाली, असे ते सांगतात. अर्थात ही हकिगत केवळ वैद्याच्या बाजूनेच उपलब्ध आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही युंग यांनी त्या स्त्रीला स्वतःचा ख्रिस्ती धर्म दिला नाही किंवा सिनेगॉगमध्ये जाण्याचा आदेशही दिला नाही. तिचेच हरवलेले काही तिला दाखवून दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मे १९३२मध्ये स्ट्रासबुर्ग येथे धर्मोपदेशकांच्या परिषदेपुढे त्यांनी दिलेले व्याख्यान या विषयावरील त्यांच्या भूमिकेचा सारांश म्हणावा लागेल. आपल्याकडे येणाऱ्या पस्तिशीपुढच्या रुग्णांपैकी प्रत्येकाची व्यथा अंतिमतः धार्मिक दृष्टी हरवल्याची असते आणि ती पुन्हा गवसल्याखेरीज कुणी खऱ्या अर्थाने बरा झाला नाही, असा आपला अनुभव त्यांनी सांगितला. याचा कोणत्याही पंथाशी वा चर्चच्या सदस्यत्वाशी संबंध नाही, हेही त्यांनी तेवढ्याच स्पष्टपणे बजावले. समोर बसलेल्या धर्मोपदेशकांना त्यांनी एक कटू सत्य ऐकविले. दुःखी माणूस तुमच्याकडे न येता मनोवैद्याकडे जातो, कारण तुमच्याकडे निवाडा मिळतो आणि त्याला हवे असते स्वीकारणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या श्रोत्यांत त्यांना आपले दिवंगत वडील दिसले असतील काय, असा प्रश्न हे व्याख्यान वाचताना पडल्यावाचून राहत नाही.

उपचारांसाठी आलेल्या रोलंड हॅझर्ड या अमेरिकी उद्योजकाची गोष्ट पुढे इतिहासाचा भाग झाली. दारूचे व्यसन सुटावे म्हणून त्याने युंग यांच्याकडे उपचार घेतले. पण तो पुन्हा व्यसनाकडे वळला. परत आलेल्या हॅझर्डला युंग यांनी खोटी आशा दाखविली नाही. वैद्यकापाशी आता उपाय उरलेला नाही, जीवनदृष्टी मुळापासून पालटून टाकणारा एखादा आध्यात्मिक अनुभव आला तरच सुटका संभवते, असे त्यांनी त्याला सांगितले. एका नामांकित वैद्याने आपल्या शास्त्राची मर्यादा रुग्णासमोर मान्य करणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. हॅझर्ड ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत सामील झाला आणि तिथल्या मार्गाने सावरू लागला. त्याच्यामार्फत हा निरोप त्याच्या ओळखीच्या एका मद्यपीपर्यंत आणि त्या मद्यपीकडून न्यूयॉर्कच्या बिल विल्सनपर्यंत पोहोचला. १९३४च्या डिसेंबरात रुग्णालयात असताना विल्सनला तसा अनुभव आला. १९३५ साली त्याने डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची स्थापना केली. या साखळीचा आपण एक दुवा आहोत, हे युंग यांना पुढची पंचवीस वर्षे ठाऊक नव्हते.

श्रद्धाळूच नव्हे, तर कठोर बुद्धिवादीही त्यांच्याकडे येत. पदार्थविज्ञानातील थोर शास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली हे त्यांपैकी एक होत. आईची आत्महत्या, अल्पावधीत मोडलेला विवाह आणि मद्यपान यांमुळे ते १९३०नंतरच्या काळात पार खचले होते. आपल्या मतांचा प्रभाव पडू नये म्हणून युंग यांनी त्यांना आधी एका नवोदित महिला डॉक्टरकडे सोपविले. पाउली यांनी नोंदविलेल्या शेकडो स्वप्नांत चक्राकार, चौपदरी आकृत्या वारंवार येत होत्या. एका विराट वैश्विक घड्याळाच्या दर्शनाने त्यांना विलक्षण शांती मिळाली. १९३७ साली येल विद्यापीठात मानसशास्त्र आणि धर्म या विषयावर व्याख्याने देताना युंग यांनी हीच स्वप्ने, स्वप्नकर्त्याचे नाव गुप्त ठेवून, आधाराला घेतली. धर्माला पारख्या झालेल्या बुद्धिवंताचे मनही आपल्या परीने पावित्र्याची प्रतिमा घडविते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पौर्वात्य विचारांकडे त्यांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. चीनचे अभ्यासक रिखार्ड विल्हेल्म आणि भारतविद्येचे पंडित हाइनरिख झिमर यांच्याशी त्यांची मैत्री होती. १९३२च्या शरद ऋतूत झुरिचला कुंडलिनी योगावर झालेल्या व्याख्यानसत्रात षट्चक्रांकडे त्यांनी मनोविकासाच्या पायऱ्या म्हणून पाहिले. तरीही युरोपीय माणसाने योगाचे अनुकरण करू नये, असा इशारा ते सातत्याने देत. फेब्रुवारी १९३६मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ मासिकात आलेल्या लेखातही त्यांनी हीच भूमिका मांडली. योग हीन आहे म्हणून नव्हे. तर ज्या भूमीत आणि परंपरेत तो रुजला, तिच्याशिवाय तो केवळ स्वतःपासून पळण्याची आणखी एक वाट ठरेल, अशी त्यांना धास्ती होती.

डिसेंबर १९३७मध्ये ते भारतात आले. कोलकात्यात भरणाऱ्या भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाचे निमंत्रण त्यांना होते. कोलकाता, बनारस आणि अलाहाबाद येथील विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. सांचीच्या स्तूपापाशी ते भारावून गेले. कोलकात्यात मात्र आमांशाने त्यांना दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. तिथून बाहेर पडल्यावर पडलेल्या एका स्वप्नात ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर होते आणि ख्रिस्ती दंतकथेतील पवित्र पात्र आणण्यासाठी त्यांना एकट्याने थंड पाणी पोहून जायचे होते. भारताच्या भूमीवर त्यांच्या अंतर्मनाने त्यांना त्यांच्याच परंपरेची आठवण करून दिली होती.

ते तिरुवन्नमलईला रमण महर्षींच्या दर्शनास गेले नाहीत. साधुसंतांच्या भेटी त्यांनी जाणूनबुजून टाळल्या. दुसऱ्याने कमावलेले सत्य आयते स्वीकारणे त्यांना चोरीसारखे वाटे. त्रावणकोरमध्ये मात्र त्यांची महर्षींच्या एका शिष्याशी गाठ पडली. तो मोठ्या कुटुंबाचा भार वाहणारा साधा प्राथमिक शिक्षक होता. संसाराच्या रगाड्यातही त्याने जपलेली समज युंग यांना मनापासून भावली. झिमर यांच्या महर्षींवरील ग्रंथाला १९४४ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ही आठवण नोंदविली आहे. महर्षींना न भेटण्यात विनय होता की अहंकार, यावर भारतीय वाचकांत दुमत होऊ शकते. परतीच्या प्रवासात बोट मुंबई बंदरात थांबली, तेव्हाही ते शहर पाहण्यास उतरले नाहीत. युरोपातील जुन्या किमयागारांचे लॅटिन ग्रंथ वाचीत ते बोटीतच बसून राहिले.

युंग यांच्या चरित्राला काळी बाजूही आहे. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर मनोपचारकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ज्यू डॉक्टरांना वैयक्तिक सदस्यत्व मिळावे, अशी नियमांत तरतूद त्यांनी केली हे खरे. परंतु १९३४ साली ज्यू आणि आर्य मनांतील भेदाविषयी त्यांनी जे लिहिले, त्याचा लाभ त्या राजवटीलाच झाला. खासगी आयुष्यात साबिना स्पीलराइन या रुग्ण तरुणीशी त्यांचे संबंध वैद्याची मर्यादा ओलांडणारे होते. टोनी वोल्फ या एकेकाळच्या रुग्णाशी त्यांचे नाते एमा यांना वर्षानुवर्षे सोसावे लागले. आत्म्याविषयी बोलणारा वैद्य रुग्णाच्या नजरेत सहज गुरू बनतो आणि गुरूला प्रश्न विचारले जात नाहीत. अध्यात्म उपचारात आणण्याचा हा धोका खुद्द युंग यांच्या आयुष्यातच दिसतो.

१९४४च्या प्रारंभी त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. मृत्यूच्या दारात असताना पृथ्वीपासून फार उंचावर आपण तरंगत आहोत, खाली श्रीलंका आणि भारताचे द्वीपकल्प दिसत आहे, समोर अवकाशात कोरलेले दगडी मंदिर असून त्याच्या दाराशी एक हिंदू पद्मासनात बसला आहे, असे दृश्य त्यांनी अनुभवले. या आजारानंतर त्यांची लेखणी अधिक निर्भय झाली. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ईयोबविषयीच्या पुस्तकात त्यांनी निरपराध भक्ताला छळणाऱ्या ईश्वरालाच जाब विचारला. डोमिनिकन धर्मगुरू व्हिक्टर व्हाइट यांच्याशी असलेल्या जुन्या मैत्रीत त्यामुळे वितुष्ट आले. त्याच वर्षी तत्त्वज्ञ मार्टिन बुबेर यांनी, युंग यांच्या मानसशास्त्राने ईश्वराला आत्म्याबाहेर जागाच ठेवलेली नाही, असा आक्षेप घेतला. आपण मनातील ईश्वरप्रतिमेविषयी बोलतो, प्रत्यक्ष ईश्वराविषयी बोलण्याचा वैद्याला अधिकार नाही, असे युंग यांचे उत्तर होते.

१९५९ साली बीबीसीच्या मुलाखतीत देवावर विश्वास आहे काय, असे त्यांना विचारण्यात आले. किंचित थांबून, आपल्याला विश्वास ठेवण्याची गरज नाही, आपण जाणतो, असे उत्तर चौऱ्याऐंशीच्या घरातील युंग यांनी दिले. त्यावरून बरेच वादळ उठले. त्यांच्या वडिलांपाशी विश्वास होता आणि जाणणे नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उत्तराचा उगम कळतो.

जानेवारी १९६१मध्ये बिल विल्सनचे पत्र आले. हॅझर्डशी झालेल्या त्या जुन्या संभाषणातून काय उभे राहिले, हे त्याने कृतज्ञतापूर्वक कळविले होते. युंग यांनी महिनाअखेरीस उत्तर पाठविले. मद्यपीची तहान ही मुळात पूर्णत्वाची, मध्ययुगीन भाषेत ईश्वराशी एकरूप होण्याचीच तहान असते, असे त्यांनी लिहिले. लॅटिन भाषेत मद्यार्क आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, याकडे लक्ष वेधून त्यांनी एकाचा उतारा दुसऱ्यात असल्याचे सुचविले. गैरसमज होईल म्हणून हॅझर्डला हे सारे आपण उघडपणे सांगू शकलो नव्हतो, अशी कबुलीही त्यांनी दिली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ६ जून १९६१ रोजी क्युसनाख्त येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर या प्रश्नाची चर्चा थांबली नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४च्या निदानपुस्तिकेत धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या असा स्वतंत्र प्रवर्ग समाविष्ट केला आणि अशी समस्या म्हणजे आजारच असे नव्हे, हे मान्य केले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आज जगभर, मुंबई-पुण्यातही भरतात. २०२० साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत रुग्णांना या मार्गाकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा त्यांहून सरस ठरल्याचे आढळले. यातील बरेचसे श्रेय समदुःखी माणसांच्या सोबतीला जाते, असेही अभ्यासक सांगतात. त्यामुळे युंग यांचे सर्व सिद्धांत सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. सामूहिक नेणिवेची कल्पना प्रयोगशाळेच्या कसोटीवर आजही उतरलेली नाही.

तरीही वैद्याने रुग्णाला श्रद्धा देऊ नये आणि त्याची श्रद्धा हिरावूनही घेऊ नये. जगण्याच्या अर्थाविषयी तो जे विचारू पाहतो, ते आजाराचे लक्षण म्हणून उडवून न लावता ऐकून घ्यावे, ही त्यांची शिकवण टिकून आहे. क्युसनाख्तच्या घराच्या दारावर त्यांनी एक प्राचीन लॅटिन वचन कोरून घेतले होते. ईश्वराची उपस्थिती माणसाच्या बोलावण्यावर अवलंबून नसते, असा त्याचा आशय आहे. उपचारांसाठी येणारा प्रत्येक रुग्ण त्या वचनाखालून आत जात असे. त्याच गावी युंग कुटुंबाच्या समाधीवरही तेच शब्द कोरलेले आहेत. क्लाइनह्युनिंगेनच्या त्या घरात वगळला गेलेला धडा मुलाने आपल्या परीने पूर्ण केला होता. मात्र पुस्तकातून नव्हे, तर समोर बसलेल्या दुःखी माणसाचे म्हणणे ऐकता ऐकता.